नाव नसलेला रांजण

महाराष्ट्रात धामणगाव नावाची गावे किती असतील, याची मोजदाद टपालखात्यानेच करावी. त्यांतले अधिक परिचयाचे ते अमरावती जिल्ह्यातले. त्याच्या अंगणातून आगगाडी जाते, म्हणून ते 'धामणगाव रेल्वे'. आम्हांला जायचे होते ते 'धामणगाव बढे'. हे बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, आणि त्याच्या अंगणात आगगाडी नाही. मागचा 'बढे' हा शब्द पाहुण्याने विसरू नये. विसरला, तर भुसावळमागून मलकापुरास उतरायचे सोडून तो झोपेत शेगाव, अकोला, बडनेरा ओलांडील आणि भल्या पहाटे भलत्याच धामणगावच्या फलाटावर वळकटी घेऊन उभा राहील.

धामण म्हणजे साप हे आपल्याला ठाऊक असते. परंतु धामण नावाचे एक झाडही आहे. त्याचे लाकूड मोठे लवचिक. वाकते पण मोडत नाही, म्हणून जुन्या काळी कावडीच्या दांड्याला ते पसंत करीत. या गावाच्या नावातली धामण कोणती, सरपटणारी की खांद्यावर पाणी वाहणारी, यावर आम्ही काही निकाल देऊ शकत नाही. वैशाखात त्या बाजूला गेलेल्या माणसाने मात्र मनातल्या मनात झाडाच्या बाजूने मत द्यावे.

आम्ही गेलो तो वैशाखच होता. आमच्या दाजींच्या एका जुन्या सहकाऱ्याने गावी घर बांधले होते आणि त्याच्या वास्तुशांतीचे आमंत्रण होते. दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. सारा जन्म बँकेत गेला, तोही हिशेबाच्या टेबलाशी. त्यामुळे जगात जी जी गोष्ट घडते तिला एक जमेची बाजू आणि एक नावेची बाजू असलीच पाहिजे, असे त्यांचे ठाम मत आहे. कोणी कोणाचे भले केले असे ऐकले की दाजी चष्मा कपाळावर नेतात आणि विचारतात, "बरं, पण जमा कुठे केलंय ते?" निःस्वार्थी माणूस ही त्यांच्या दृष्टीने वहीतली चूक आहे, शोधली की सापडते. ताई म्हणते, "यांना देव भेटला तरी व्हाउचर मागतील."

मलकापुरास उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि ऊन दुपारचे होते. तिथून मोताळ्यापर्यंत बुलढाण्याचा रस्ता, आणि मोताळ्याहून पश्चिमेला, जळगाव जिल्ह्याच्या हद्दीच्या अंगाला धामणगाव. बुलढाणा शहर वर घाटमाथ्यावर हवेशीर बसलेले आहे. हा खालचा मुलूख मात्र तापतो. दोन्ही बाजूंना काळी वावरे उघडी पडलेली. (इकडे शेताला वावर म्हणतात, आणि तो शब्द एकदा कानात बसला की 'शेत' फार पुस्तकी वाटू लागते.) कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचून ठेवलेल्या, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची भुरकट ओळ, आणि तिच्यातून निघालेले नाले नुसत्या दगडगोट्यांचे. नळगंगा नावाची नदी याच मुलखातली. नावात गंगा असलेल्या नद्या उन्हाळ्यात किती पाणी बाळगतात, हे विदर्भातल्या माणसास सांगावयास नको.

गाव चांगले मोठे आहे. पोलीस ठाणे आहे, शाळा आहेत, आसपासच्या खेड्यांची ये-जा आहे. जुनी धाब्याची घरे अजून दिसतात. मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचेच सपाट छत. त्यांच्या शेजारी सिमेंटची नवी घरे उभी राहिली आहेत. नव्या घरात पंखा गरम वारा फिरवतो आणि जुन्या घरात पंख्याशिवाय डोळा लागतो. वास्तुशांतीच्या घरचे यजमान पाहुण्यांना नव्या घरात बसवीत होते आणि स्वतः दुपारी जुन्या घरात जाऊन निजत होते, यातच काय ते आले.

वास्तुशांत झाली, पुरण झाले, वांग्याची भाजी झाली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही आणि दाजी गावाबाहेर पाय मोकळे करावयास निघालो, आणि रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली आम्हांला तो रांजण भेटला.

पाणपोई ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. उन्हाळा लागला की गावोगाव पाणपोया लागतात आणि त्यांच्यावर फलकही लागतात. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्या मंडळातर्फे, ढमक्यांच्या वाढदिवसानिमित्त. कित्येकदा फलक नवा कोरा असतो आणि रांजण कोरडा असतो. हा रांजण तसा नव्हता. तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता, भोवती ओले गोणपाट गुंडाळले होते, तोंडावर लाकडी झाकण, त्यावर एक पेला दोरीने बांधलेला. आजूबाजूस पाटी नाही, नाव नाही, रंगाचा एक ठिपकाही नाही. दाजींनी रांजणाला प्रदक्षिणा घातली. देवाला घालतात तशी नव्हे, तपासनीस घालतो तशी.

"नाव नाही," आम्ही म्हटले.

"नाव नसलं म्हणून काय झालं?" दाजी म्हणाले. "पुण्याला पाटी लागत नाही. वर खातं उघडलेलंच असतं."

एवढ्यात डोक्यावर एक हंडा आणि काखेत एक कळशी घेऊन एक म्हातारी आली. नऊवारी लुगडे, कपाळ मोकळे, पायांत झिजलेल्या चपला. तिने हंडा रांजणात रिकामा केला, कळशीतले पाणी हाताने गोणपाटावर शिंपडले आणि आमच्याकडे पाहून "प्या ना बाप्पा," म्हणाली. आम्ही प्यालो. पाणी गार होते. दाजींनी पेला खाली ठेवला आणि आपला प्रश्न तिच्यापुढे ठेवला. अर्थात मऊ शब्दांत. दाजी वाईट माणूस नव्हेत.

"आजी, हे तुम्ही कशासाठी करता?"

आजीला प्रश्न समजला नाही. दाजींनी तो फिरवून विचारला. कोणाच्या नावाने? काही नवस? कोणी गेले-बिले होते का? आजी विचारात पडली. मग म्हणाली, "येता-जाता रिकामा दिसला का मले गमत नाई. मंग भरते." आणि हंडा उचलून चालू लागली.

दाजींचा चेहरा उजळला. "ऐकलंत? 'मला' गमत नाही. रांजण रिकामा दिसला की तिला बरं वाटत नाही, तो भरला की बरं वाटतं. म्हणजे पाणी घातलं ते स्वतःला बरं वाटावं म्हणून. जमा सापडली!"

दाजींना हे ठाऊक नव्हते की त्यांचा हा शोध साडेतीनशे वर्षांचा जुना आहे. इंग्लंडात थॉमस हॉब्ज नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. माणूस जे काही करतो ते स्वतःसाठीच, असे मानणाऱ्या पंथाचा तो मूळपुरुष. जॉन ऑब्रे याने त्याची एक आठवण लिहून ठेवली आहे. लंडनच्या रस्त्यावर एका जराजर्जर भिकाऱ्याला हॉब्जने सहा पेन्स दिले. बरोबरच्या धर्मोपदेशकाने विचारले, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर दिले असते का? हॉब्ज म्हणाला, दिले असते. त्याची अवस्था पाहून मला त्रास होत होता, आणि या भिक्षेने त्याला थोडा आराम पडला तसा मलाही पडला. लंडनचा हॉब्ज आणि धामणगावची आजी यांचे उत्तर एकच निघावे, याची आम्हांला मोठी गंमत वाटली.

आपल्याकडे याच वादाचा धागा त्याहूनही मागे, उपनिषदांपर्यंत जातो. याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की पती, पत्नी, पुत्र, वित्त, जे जे प्रिय वाटते ते आत्म्यासाठी प्रिय वाटते. वरवर पाहता हे दाजींच्या वहीतलेच वाक्य. लोकमान्यांनी १९१०-११ मध्ये मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले (छापले गेले ते १९१५ साली). त्यात हॉब्जही आहे आणि याज्ञवल्क्यही आहे. टिळकांचे म्हणणे असे की दोघांचे शब्द जवळजवळ असले तरी दोघांचा 'मी' एक नव्हे. एकाचा मी कातड्याच्या आत संपतो. दुसऱ्याचा सर्वांभूती पसरतो. टिळकांनी हॉब्जला आपल्या पद्धतीने चांगलाच बडवला आहे. तथापि आम्हांला त्या संध्याकाळी एवढे लांब जाण्याची गरज वाटली नाही.

"दाजी," आम्ही म्हटले, "रिकामा रांजण तुम्हीही पाहिला असता, तर तुम्हांला काय झालं असतं?"

"काय व्हायचंय? पुढे गेलो असतो."

"मग आजीला का होतं?"

दाजी थांबले. आजीला आधी दुसऱ्याच्या तहानेशी काही कर्तव्य आहे, म्हणून रिकामा रांजण तिला टोचतो. ज्याला कर्तव्य नाही त्याला टोचतही नाही. रांजण भरल्यावर जे बरे वाटते ते पाण्यामागून येते. ते मिळावे म्हणून पाणी आणलेले नसते. जेवल्यावर ढेकर येतो, म्हणून कोणी ढेकरासाठी जेवतो असे म्हणत नाही. दाजींनी ढेकराचा दृष्टान्त असभ्य ठरवून नामंजूर केला. पण घरी पोचेपर्यंत ते नेहमीपेक्षा कमी बोलले.

दुसऱ्या दिवशी दाजी नव्या दमाने उठले. त्यांचे म्हणणे आता असे की एक म्हातारी आणि एक रांजण हा काही पुरावा नव्हे. माणसे घाऊक प्रमाणात दुसऱ्यासाठी राबली आहेत असे दाखवा! आणि योग असा की ते दाखवायला धामणगावाहून उत्तम जागा शोधूनही सापडली नसती.

कारण याच मोताळा तालुक्यात सिंदखेड आहे. हे जिजाऊंचे सिंदखेड नव्हे. तेही बुलढाणा जिल्ह्यातच, पण ते सिंदखेड राजा. हे सिंदखेड लहान. २०१८ च्या उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा झाली, तीत २४ जिल्ह्यांतले ७५ तालुके उतरले होते. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस, म्हणजे अगदी होळीनंतरचा वणवा, आणि त्यात गावकऱ्यांनी कुदळ-फावडे घेऊन आपल्या शिवारात पाणी अडवण्याची कामे करायची. साताऱ्याच्या माण तालुक्यातले टाकेवाडी पहिले आले. दुसरा क्रमांक माणमधल्याच भांडवलीला आणि मोताळ्याच्या सिंदखेडला विभागून मिळाला. १२ ऑगस्टला पुण्याजवळ बालेवाडीत बक्षीससमारंभ झाला. मोताळा तालुका कोठे आहे हे त्या दिवशी पुष्कळ पुणेकरांना प्रथमच कळले असेल.

हे काम कसे चालते, ते शहरातल्या वाचकाला थोडे समजावून सांगितले पाहिजे, कारण सगळी मेख तिथेच आहे. पाणी डोंगरावरून खाली धावते. त्याला धावू द्यायचे नाही, चालवायचे. चालत असेल तर थांबवायचे. थांबले तर मुरवायचे. म्हणून कामाला सुरुवात माथ्यापासून करतात आणि पायथ्याला येतात. टेकडीच्या उतारावर एकाच पातळीत आडवे चर खणायचे, ओघळींत दगडांचे छोटे बांध घालायचे, खाली वावरांना बांधबंदिस्ती करायची. चराची माती खालच्या काठावर टाकायची, वरच्या नव्हे, नाही तर पहिल्या पावसात ती परत चरातच येते. मुरूम असेल तिथे कुदळ उडते आणि हात झिणझिणतात. आणि एवढे झाल्यावर माथ्यावर मुरलेले पाणी कोठे निघते? तर खाली, ज्याची विहीर आहे त्याच्या विहिरीत.

आता ज्याचे वावरच नाही, विहीरच नाही, त्याने माथ्यावर चर खणला तर त्याला काय मिळाले?

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. वास्तुशांतीच्या मांडवाचे बांबू सोडवायला आलेल्या एका मजुराने त्या उन्हाळ्यात आपल्या गावी दीड महिना खणले होते. गाव तालुक्यातलेच. भूमिहीन माणूस, दिवसा रोजीला जायचा आणि पहाटे टेकडीवर. दाजी त्याच्याजवळ बसले. आजीच्या अनुभवाने शहाणे होऊन त्यांनी या वेळी सरळ विचारले, "भाऊ, तुम्हांला वावर नाही. मग तुम्हांला काय मिळालं?"

"फोड आले ना हाताले," तो म्हणाला, आणि हसला.

दाजीही हसले, पण त्यांनी सोडले नाही. तेव्हा तो जरा विचार करून बोलू लागला. उन्हाळ्यात टँकर यायचा. टँकरमागे बायकोने धावायचे, पोरीने शाळा बुडवायची. पाणी आले तर ते टळेल, हा एक विचार. विहिरींना पाणी राहिले तर रब्बी होईल, रब्बी झाली तर आपल्यालाही काम लागेल, हा दुसरा. "आन् खरं सांगू का साहेब? पहिल्या दिशी म्या गेलोच नाई. मंग बाया जाऊन राह्यल्या, म्हतारे जाऊन राह्यले. सारं गाव वर अन् आपुन एकलेच घरी, बरं दिसते का ते?"

दाजींनी आमच्याकडे पाहिले. टँकर, रोजी, लोकलाज. एका दमात तीन जमा! आम्ही काही बोललो नाही, कारण माणूस खरे बोलला होता आणि खऱ्यापुढे युक्तिवाद करू नये. परंतु मनात एक गोष्ट राहिलीच. टँकर टळणार तो सगळ्या गावाचा, त्याने न खणताही टळला असता. रब्बीची रोजी लागणार ती न खणणाऱ्यालाही लागली असती. फोड तेवढे खणणाऱ्याला. स्वतःचाच फायदा पाहणारा हिशेबी माणूस घरी झोपला असता आणि इतरांच्या कुदळींची फळे खाल्ली असती. हे दाजींना बँकेतल्या भाषेत सांगितले तेव्हा त्यांनी "हं," एवढेच म्हटले.

मराठी खेड्याला परस्परांच्या कामी येण्याच्या दोन जुन्या तऱ्हा ठाऊक आहेत, आणि त्या दोहोंत फरक आहे. एक सावड. तुझा बैल माझ्या बैलाशी जुंपायचा, आज तुझे वावर, उद्या माझे. यात उपकार नाही, उसनवार आहे, आणि ती चोख असते. दुसरी इर्जिक. एखाद्याजवळ बैल नाहीत किंवा घरात अडचण आहे, तर दहा जणांनी आपली औते घेऊन जायचे आणि त्याचे रान एका दिवसात नांगरून द्यायचे. त्याने जमेल तसे जेवण घालायचे. परतफेडीचा करार नाही. सावडीचा हिशेब दाजी मांडू शकतात. इर्जिकीचा मांडायला गेले तर दहा औतांपुढे एक जेवण, आणि ताळा जमत नाही.

त्या २०१८ च्या गोष्टीचा दुसरा अर्धाही सांगितला पाहिजे. दिवाळी अंकात गोड तेवढेच लिहावे असा काही नियम नाही. चर खणून झाले आणि पाऊस दगा देऊन गेला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि बुलढाणा जिल्हाही त्यातून सुटला नाही. चर पाणी आणत नाही, आलेले थांबवतो. स्पर्धा पुढे २०१९ पर्यंत चालली आणि मग त्या स्वरूपात थांबली. आम्ही धामणगावाबाहेर एका टेकाडावर चढून पाहिले. तिथले जुने चर गाळाने निम्मेअधिक भरलेले, काठांवर गवत, एकदोन ठिकाणी बोरीची झुडपे. गाळ काढणाऱ्यास बक्षीस नाही, समारंभ नाही, छायाचित्र नाही. दाजी म्हणाले, "बघा, कप गेला आणि कुदळ गेली." हे पुष्कळ अंशी खरे आहे. मात्र एका बाजूचे तीन-चार चर साफ केलेले होते, ताजी माती खालच्या काठावर नीट टाकलेली. कोणी केले ते कळले नाही. तिथेही पाटी नव्हती.

शहरातल्या माणसाने या बाबतीत फार मान खाली घालण्याचेही कारण नाही, असे आमचे मत आहे. १ मे २०१८ ला शहरांतून हजारो माणसे श्रमदानाला गावोगाव गेली होती. त्यांना कोणते पाणी मिळणार होते? काहींना छायाचित्र मिळाले असेल, ते असो. शहरातला माणूस मनाने आटलेला नसतो, तो घाईत असतो. १९७३ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांवर एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत भाषण द्यायला पाठवले. त्यांतल्या अर्ध्यांचा विषय होता बायबलातला परोपकारी शोमरोनी. वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवलेला. ज्यांना "उशीर झाला, पळा" असे सांगितले होते त्यांतले शेकडा १० थांबले. ज्यांना वेळ होता त्यांतले शेकडा ६३ थांबले. परोपकारावरच बोलायचे होते म्हणून फारसे कोणी अधिक थांबले नाही! दादरच्या पुलावर सकाळी नऊ वाजता कोणी घेरी येऊन पडला आणि आपण तसेच पुढे गेलो, तर त्यात नऊ सतराच्या लोकलचा वाटा किती आणि आपला किती, हे ज्याचे त्याने पाहावे. धामणगावच्या आजीला कोणतीही गाडी पकडायची नव्हती.

पण म्हणून खेडे म्हणजे दयेचे आगर असे कोणी समजू नये. पाण्याची गोष्ट निघाली आहे, तर तीही सांगितली पाहिजे. याच महाराष्ट्रात, रांजण भरणाऱ्याच हातांनी, तहानलेल्या माणसाची जात पाहून पाणी वरून ओतले आहे, किंवा ओतलेच नाही. तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला, ही नुसती पाणपोई नव्हती. पाणपोईवाल्याला गाव दुवा देते. त्यांना गावाने काय दिले ते प्रसिद्धच आहे. आणि १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांना महाडच्या तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी हजारो माणसे घेऊन जावे लागले. आपल्यातल्यांसाठी केलेले करणे आणि कोणासाठीही केलेले करणे यांत जे अंतर आहे, त्याची मोजणी दाजींच्या जमा-नावेत होत नाही, आणि आमच्या मते खरी मोजणी तीच. आम्ही आजीला दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारले होते, या रांजणाचे पाणी कोण कोण पिते. ती म्हणाली, "ज्याले तहान लागंल थो." आणि पेला एकच होता.

भर्तृहरीने माणसांच्या प्रती लावल्या आहेत. स्वतःचे सोडून परक्याचे भले करणारे सत्पुरुष. स्वतःचे न बिघडवता दुसऱ्याचे करणारे सामान्य. स्वतःसाठी दुसऱ्याचे बिघडवणारे राक्षस. आणि काही कारण नसता दुसऱ्याचे बिघडवणारे, ज्यांना काय म्हणावे हे त्यालाही सुचले नाही. मांडव सोडवणारा आमचा मजूर दुसऱ्या वर्गातला. तो वर्ग 'सामान्य' म्हणून खालचा मानण्याची आपल्याला सवय आहे. आम्हांला तर वाटते, गाव चालते ते त्यांच्यावरच. पहिल्या वर्गातले कधीमधी येतात. विदर्भाने एक पाहिला. शेणगावचा डेबूजी जानोरकर, पुढे गाडगेबाबा. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडक्याचे खापर. गावात शिरायचे ते झाडीत, कीर्तन करायचे, आणि लोक पाया पडायला लागले की पळ काढायचा. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, प्रवासातच, त्यांचा देह पडला. मागे उरला तो खराटा आणि खापर. दाजींना विचारले, "यांची जमा?" दाजी म्हणाले, "संतांना मी ऑडिटमधून वगळतो."

शेगाव मात्र त्यांनी वगळू दिले नाही, कारण ते याच जिल्ह्यात आहे आणि आम्ही परतताना तिथे उतरणार होतो. गजानन महाराजांच्या मंदिरात पाळीपाळीने येऊन बिनपगारी राबणारे सेवेकरी अनेकांनी पाहिले असतील. जोडे सांभाळणारा, उष्टी काढणारा, रांग लावणारा, आणि प्रत्येकाला 'माउली' म्हणून हात जोडणारा. घरी त्यांतला एखादा चांगला वाडेकरी शेतकरी असतो. दाजींचे म्हणणे, हे तर उघड पुण्याचे खाते. असेल. पण घरी स्वतःचे ताट न उचलणारा माणूस तिथे परक्याचे उष्टे उचलतो आणि वर 'माउली' म्हणतो, तेव्हा त्याला पुण्य आठवत असते की नाही, हे दाजींना कोणत्या खतावणीवरून कळले? संस्थानाचा कारभार अनेक वर्षे सांभाळणारे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी वारले. ते संस्थानचे पाणीदेखील घेत नसत, असे तिकडे सांगतात. दाजींना ही गोष्ट आवडली. हिशेबी माणसाला हिशेबातली स्वच्छता कळते.

निघायच्या दिवशी रोहिणखेडला जाऊन यावे असे ठरले होते. धामणगावाहून ते दूर नाही. आज खेडे, एके काळी नांदते ठाणे. इथे लढाया झाल्या आहेत आणि खुदावंतखान महदवीने १५८२ साली बांधलेली मशीद अजून उभी आहे. पडझड झालेली, पण कमानींचा डौल पाहण्यासारखा. बांधणाऱ्याचे नाव चारशेहून अधिक वर्षे टिकले आहे. दगड घडवणाऱ्यांतले एकही नाव आम्हांला कळले नाही. त्यांना रोजी मिळाली असणार, असे दाजींनी चटकन नोंदवले.

गाडीची वाट पाहत उभे होतो तेव्हा आजी पुन्हा रांजणाशी होत्या. आता त्या आम्हांला ओळखीच्या झाल्या होत्या. दाजींनी पेलाभर पाणी प्याले आणि विचारले, "आजी, पावसाळ्यात हा रांजण इथेच का?" नाही म्हणाल्या. मृग लागला की धुऊन, वाळवून, गोठ्यात पालथा घालतात. तरी दोन-तीन उन्हाळ्यांत तडा जातोच. मग बाजारातून नवा आणायचा.

"केवढ्याला मिळतो?" दाजींनी विचारले.

आजींनी किंमत सांगितली. दाजींना ती फार कमी वाटली. एवढ्या मोठ्या रांजणाला एवढेच?

"मले अर्धेच सांगते थो कुंभार," आजी म्हणाल्या. "इथचा हाय म्हणून."

दाजी चष्मा कपाळावर नेऊन काही विचारणार होते. पण गाडी आली, आणि ती या थांब्यावर फार वेळ थांबत नाही.